केमोथेरपी आणि पोट : घरच्यांनी काय पाहावे, केव्हा फोन करावा

केमोथेरपीचे सलाइन लागते ते रुग्णालयात, काही तासांसाठी. तिचा त्रास मात्र बहुतेक वेळा घरी होतो, पुढचे दहा-पंधरा दिवस. आपल्या इंदूरमधल्या कित्येक घरांच्या बाबतीत तर रुग्णालय आणि घर यांच्यामध्ये एक रात्रीचा प्रवास असतो. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये सायकल घ्यायची, संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेस पकडायची आणि सकाळी इंदूर. स्टेशनावर उतरताना पेशंट ठीकठाक असतो. घरी चहा होतो, शेजारचे भेटून जातात, ‘यांना काही त्रासच झाला नाही बरं का’ असे सगळे म्हणतात. आणि त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू होतात. डॉक्टर एका रात्रीच्या प्रवासाइतके लांब, आणि निर्णय घ्यायचा असतो घरातल्या सुनेने, मुलाने किंवा सत्तरीच्या यजमानांनी.

मंडळाच्या सभासदांपैकी ज्या घरांत हे उपचार चालू आहेत किंवा होऊन गेले, त्यांच्याशी बोलताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. त्रास झाला यापेक्षा तो कुणाला सांगितला नाही, हे जास्त वेळा ऐकू येते. ‘केमो म्हटली की एवढं होणारच’ हे वाक्य घरोघरी आहे. ते अर्धेच खरे आहे. त्रास होणे स्वाभाविक आहे. तो निमूट सोसणे हा उपचाराचा भाग नाही. पोटाच्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीवर आज औषध आहे, तक्रार साधारण कोणत्या दिवशी येईल हेही आधी सांगता येते, आणि वेळेवर सांगितले तर डॉक्टर पुढच्या सायकलला औषध बदलतात. न सांगितलेल्या जुलाबामुळे मात्र पुढची सायकल लांबते, मात्रा कमी करावी लागते, क्वचित जिवावरही बेतते. हा लेख आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी वापरायचा नाही. डॉक्टरांना काय विचारायचे, काय सांगायचे आणि मधल्या वेळात स्वयंपाकघरात काय करायचे, एवढ्यासाठी तो आहे.

पोटालाच का?

केमोथेरपीची बहुतेक औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, पण शरीरातल्या काही निरोगी पेशीही तशाच असतात. केसांची मुळे, हाडांच्या मगजातल्या रक्तपेशी, आणि तोंडापासून गुदद्वारापर्यंतचे आतले अस्तर. आतड्याचे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवे होत असते. त्या नव्या होण्याला खीळ बसली की तोंड येते, आतडे पाणी शोषू शकत नाही, जुलाब होतात. औषध थांबले की अस्तर पुन्हा भरून येते. म्हणून हे त्रास येतात आणि जातात. रुग्णाला हे आवर्जून सांगावे, कारण नवव्या दिवशी तोंडातून पाणीही उतरत नसताना ‘आता हे असंच राहणार’ असे वाटणे फार सोपे असते.

उलटीचे कारण थोडे वेगळे आहे. औषध शरीरात गेल्यावर आतड्यातल्या काही पेशी सेरोटोनिन नावाचे रसायन सोडतात, ते मज्जातंतूंमार्फत मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला चेतवते. रक्तातले औषधही मेंदूला थेट खबर देते. म्हणजे पोट रिकामे ठेवले की उलटी होणार नाही, हा समज चुकीचा. रिकाम्या पोटी मळमळ उलट वाढते.

मळमळ आणि उलटी

सगळ्या केमो सारख्या नसतात. सिस्प्लॅटिन, आणि स्तनाच्या कर्करोगात देतात ती ॲड्रियामायसिन-सायक्लोफॉस्फामाइडची जोडी, यांनी उलटीची शक्यता फार असते. कार्बोप्लॅटिन, ऑक्सॅलिप्लॅटिन मध्यम. पॅक्लिटॅक्सेलने कमी, व्हिनक्रिस्टीनने अगदीच कमी. म्हणून शेजारच्या काकूंना काय झाले यावरून आपल्या घरच्या रुग्णाचा अंदाज बांधू नये. आपल्या औषधाचे नाव विचारून घ्यावे आणि ‘याने उलटी किती होते?’ असे सरळ विचारावे. तरुण स्त्रिया, गरोदरपणात फार उलट्या झालेल्या बायका आणि बस लागणारी माणसे यांना त्रास जास्त होतो. हा इतिहास डॉक्टरांना आपणहून सांगावा, कारण त्याप्रमाणे आधीपासून जास्तीचे औषध देता येते.

उलटीचे तीन प्रकार ओळखता आले की बरेच काम सोपे होते. पहिल्या २४ तासांतली उलटी सहसा रुग्णालयातच दिलेल्या इंजेक्शनांनी आटोक्यात राहते. दुसरी, २४ तासांनंतर येणारी आणि पाच दिवसांपर्यंत रेंगाळणारी. सिस्प्लॅटिनमध्ये ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जोरात असते. इंदूरला पोचल्यावर गाठते ती हीच. तिसरी म्हणजे केमो लागण्याआधीच होणारी; रुग्णालयाच्या दारातला वास आला, सुई पाहिली, की पोटात ढवळते. तिला मनाचा खेळ म्हणून झटकू नये. ज्यांना पहिल्या एक-दोन सायकलना फार उलट्या झाल्या त्यांनाच ती मुख्यतः होते, आणि तिच्यासाठीही औषध आहे. पहिली सायकल नीट सांभाळणे महत्त्वाचे, ते याचसाठी.

घरी दिलेल्या गोळ्यांत बहुतेक वेळा ओंडान्सेट्रॉन किंवा त्या कुळातले औषध, डेक्सामेथासोन, कधी ॲप्रेपिटंट आणि हल्ली ओलान्झापिन असते. यातली काही ‘गरज पडली तर’ घ्यायची असतात आणि काही मळमळ असो वा नसो, ठरल्या वेळी घ्यायचीच असतात. कागदावर कोणती कशी आहे हे रुग्णालय सोडण्यापूर्वी विचारून पेनाने लिहून घ्या. ‘आज बरं वाटतंय, मग कशाला गोळी’ म्हणून दुसऱ्या दिवशीची गोळी टाळली जाते आणि तिसऱ्या दिवशी त्याची किंमत मोजावी लागते. उलटी सुरू झाल्यावर ती थांबवणे हे ती येऊ न देण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

या औषधांचेही स्वतःचे उद्योग असतात. ओंडान्सेट्रॉनने डोके दुखते आणि मलावरोध होतो. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे. ते सकाळी, खाऊन घ्यावे. रात्री घेतले तर झोप उडते. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर चढते, तेव्हा घरच्या यंत्रावर तपासत राहावे आणि मधुमेहाच्या डॉक्टरांनाही केमो चालू असल्याचे कळवावे. काही जणांना, विशेषतः पुरुषांना, उचक्या लागतात त्या पाणी पिऊनही थांबत नाहीत. कुणीतरी आठवण काढतेय म्हणून सोडून देऊ नये. हाही या औषधांचा परिणाम असू शकतो आणि त्यावर गोळी मिळते.

ओलान्झापिनबद्दल चार शब्द जास्त लिहितो, कारण या गोळीमुळे घरात वाद झालेले आम्ही ऐकले आहेत. मुलगा इंटरनेटवर नाव शोधतो, तिथे ‘मानसिक आजाराचे औषध’ असे दिसते आणि गोळी बंद होते. ते मूळचे मानसोपचारातले औषध आहे हे खरे. पण मळमळीवर ते फार चांगले चालते, आणि म्हणूनच कर्करोगतज्ज्ञ ते देतात. त्याने झोप येते, म्हणून ते रात्री घेतात. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जोरदार उलटी करणाऱ्या केमोमध्ये २.५ मिलिग्रॅमची छोटी मात्रा १० मिलिग्रॅमइतकीच उपयोगी ठरली आणि दिवसाची गुंगी कमी राहिली. तेव्हा झोप फार येत असेल तर गोळी बंद करू नका. मात्रा कमी करता येईल का, ते विचारा.

गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा घ्यायची का, हाही आधीच विचारून ठेवण्यासारखा प्रश्न आहे. गोळी पोटात राहतच नसेल तर जिभेवर विरघळणारी ओंडान्सेट्रॉनची गोळी मिळते, आणि तीही पुरली नाही तर जवळच्या डॉक्टरांकडून इंजेक्शन.

आता स्वयंपाकघर. आपल्या घरात मळमळीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे फोडणी. हिंग, मोहरी, लसूण तडतडली की एरवी भूक लागते. केमोच्या आठवड्यात तोच वास पोट ढवळून काढतो. रुग्ण झोपलेला असेल तेव्हा किंवा खोलीचे दार लावून स्वयंपाक उरकावा, पंखा बाहेर हवा फेकणारा असावा. कुकरची शिटी सोडतानाचा वाससुद्धा काहींना सहन होत नाही. गरम अन्नापेक्षा कोमट किंवा निवलेल्या अन्नाचा वास कमी येतो, म्हणून दहीभात, गार झालेली मुगाची खिचडी, साळीच्या लाह्या, कोरडी भाकरी, खाकरा, मुरमुरे हे चालते. ताट भरून वाढू नये. भरलेले ताट पाहूनच मळमळते. दर दोन-अडीच तासांनी वाटीभर खाणे, जेवताना पाणी थोडेच पिणे आणि खाल्ल्यावर लगेच आडवे न होणे, एवढ्याने फरक पडतो. आल्याचा तुकडा, लिंबू-साखर, आमसुलाचे सार यांना हरकत नाही, मात्र ते गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नव्हे.

आणखी एक. केमोच्या दिवशी रुग्णाच्या आवडीचा पदार्थ करण्याची आपल्याकडे हौस असते. त्या दिवशी पुरणपोळी खाऊन उलटी झाली तर पुरणपोळीचीच शिसारी बसते, कधीकधी कायमची. आवडीचे पदार्थ बऱ्या दिवसांसाठी राखून ठेवा.

घरच्यांसाठी एक खबरदारीही आहे. केमोनंतर साधारण ४८ तास रुग्णाच्या उलटीत, लघवीत आणि शौचात औषधाचा अंश असतो. साफ करणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत, संडासात झाकण लावून दोनदा पाणी सोडावे, खराब कपडे वेगळे धुवावेत. गरोदर सुनेने किंवा मुलीने हे काम करू नये. रुग्णाजवळ बसायला, त्याचा हात धरायला, नातवंडांनी त्याला मिठी मारायला मात्र काहीही हरकत नाही. हे स्पष्ट लिहायला हवे, कारण काही घरांत रुग्णाचे ताट-वाटीच नव्हे तर माणूसही वेगळा ठेवला जातो.

तोंड येणे आणि चव जाणे

साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास तोंडात जळजळ सुरू होते आणि दोन आठवड्यांत बहुधा भरून येते. एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-सहा वेळा चुळा भरणे हा साधा, स्वस्त आणि रुग्णालयांतही सांगितला जाणारा उपाय आहे. हे तोंड यायच्या आधीपासूनच करावे. बाजारातले झणझणीत, अल्कोहोल असलेले माउथवॉश टाळावेत. ब्रश लहान मुलांचा, मऊ. तोंडात दह्यासारखे पांढरे थर दिसले तर ती बुरशी असते. तिच्यावर वेगळे औषध लागते.

इंदुरी माणसाला सांगायला कठीण, पण या दिवसांत शेव, जिरावण, लोणचे बंद. टोचणारे, आंबट आणि तिखट तोंडाला लागू द्यायचे नाही. मऊ भात-तूप-मेतकूट, दूध-पोळी कुस्करून, नाचणीची खीर, केळ्याचे शिकरण, उकडलेला बटाटा ताकात कुस्करून. गिळताना फार दुखत असेल तर जेवणाआधी लावायचे बधिर करणारे औषध मागून घ्यावे.

थंडाव्याबाबत एक इशारा. ५-एफयू हे औषध झटपट इंजेक्शनने देतात तेव्हा त्याआधी पाच मिनिटांपासून अर्धा तास तोंडात बर्फ चघळल्याने तोंड कमी येते. पण ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असेल तर याच्या अगदी उलट. त्या औषधाने काही दिवस गारवा सोसत नाही. गार पाण्याच्या घोटाने घसा आवळल्यासारखा होतो, फ्रिजमधली बाटली धरली तरी बोटांना झिणझिण्या येतात. मे महिन्यातसुद्धा अशा रुग्णाला माठातले पाणी न देता कोमट पाणी द्यावे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ही दोन्ही औषधे पुष्कळदा एकत्रच देतात, म्हणून बर्फाचा प्रयोग विचारल्याशिवाय करू नये.

चवीचे म्हणाल तर अनेकांना सगळे लोखंड चाटल्यासारखे लागते. स्टीलच्या ताटाऐवजी चिनी मातीची बशी आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा वापरून पाहा. तोंड आलेले नसेल तर लिंबू, कोकम, पुदिना यांनी चव उजळते.

जुलाब : इथे वाट पाहू नये

या लेखातला हा भाग घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने वाचावा. उलटीला सगळे घाबरतात, कारण ती दिसते. जुलाब रुग्ण लपवतो. विशेषतः घरातल्या बायका. सासऱ्यांसमोर, मुलासमोर, ‘किती वेळा झालं’ हे सांगायचे कसे, म्हणून दोन दिवस ओवा चावत राहतात आणि तिसऱ्या दिवशी उठून उभे राहता येत नाही. यावर आम्हाला सुचलेला उपाय साधा आहे. संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. प्रत्येक वेळी एक रेघ मारायची. कुणाला काही बोलावे लागत नाही आणि डॉक्टरांना नेमका आकडा मिळतो.

आकडा महत्त्वाचा आहे, कारण डॉक्टर जुलाबाची तीव्रता नेहमीच्या सवयीपेक्षा किती जास्त वेळा झाले यावरून मोजतात. रोज एकदा जाणारा माणूस चोवीस तासांत पाच-सहा वेळा गेला, म्हणजे नेहमीपेक्षा चार किंवा अधिक वेळा जास्त, तर त्याच दिवशी फोन करायचा. सात किंवा अधिक वेळा जास्त झाले तर रुग्णालय गाठायचे. रात्री झोपेतून उठून जावे लागणे, शौचात रक्त, पोटात कळा, चक्कर, सहा-आठ तास लघवी न होणे, यांपैकी काहीही असेल तर आकडा कितीही असो, थांबायचे नाही.

जुलाब करणाऱ्या औषधांत इरिनोटेकान, ५-एफयू आणि कॅपेसिटाबिन ही ठळक नावे. इरिनोटेकानचे जुलाब दोनदा येतात. पहिले सलाइन चालू असतानाच किंवा त्याच दिवशी, घाम, लाळ आणि पोटात मुरडा यांसह. त्यावर रुग्णालयातच इंजेक्शन देतात. दुसरे काही दिवसांनी, घरी, धोका त्यांचाच. कॅपेसिटाबिन ही घरी, दिवसातून दोनदा घ्यायची गोळी आहे, आणि तिथे एक विशेष घोटाळा होतो. गोळी ‘कॅन्सरची’ असल्याने जुलाब होत असतानाही रुग्ण ती निष्ठेने घेत राहतो. जुलाब वाढले तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा. बहुतेक वेळा ते काही दिवस थांबायला सांगतात. अशा थांबण्याने उपचार वाया जात नाही.

लोपेरामाइड ही जुलाब थांबवणारी गोळी रुग्णालयातून आधीच दिलेली असते. नेहमीची पद्धत अशी: पहिल्यांदा ४ मिलिग्रॅम, म्हणजे दोन गोळ्या, आणि नंतर प्रत्येक पातळ शौचानंतर २ मिलिग्रॅम, दिवसाला १६ मिलिग्रॅमच्या वर नाही. इरिनोटेकानला डॉक्टर वेगळे वेळापत्रक देतात. ते लेखी घ्यावे. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर ही गोळी आपल्या मनाने सुरू करू नये. गोळ्या घेऊनही चोवीस तासांत उतार नसेल तर घरचा प्रयत्न संपला असे समजावे.

एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. हल्ली काही रुग्णांना केमोऐवजी किंवा केमोबरोबर इम्युनोथेरपी देतात, पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब अशी नावे असतात. घरात त्यालाही ‘केमो’च म्हणतात. पण त्यात होणारे जुलाब हे प्रतिकारशक्तीने आतड्यावरच हल्ला केल्यामुळे असू शकतात, ते उपचार संपून काही महिने झाल्यावरही येऊ शकतात, आणि त्यावर स्टेरॉइड लागते. तिथे लोपेरामाइडने वेळ काढत बसणे धोक्याचे. गावातल्या कोणत्याही डॉक्टरांना दाखवताना ‘इम्युनोथेरपी चालू आहे’ किंवा ‘झाली आहे’ हे शब्द उच्चारलेच पाहिजेत.

पाणी भरून काढण्यासाठी ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण पाकीट एकदम. अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात असा अंदाजपंचे हिशेब करू नये. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. खोक्यात मिळणारी गोड फळपेये म्हणजे ओआरएस नव्हे. त्यातल्या जास्त साखरेने जुलाब वाढतात. खाण्यात भाताची पेज, मऊ भात, मुगाचे कढण, साबुदाण्याची पातळ पेज, केळे, सफरचंद शिजवून. कोंड्याची पोळी, पालेभाजी, सालीची डाळ, तूप-तेल, चहा-कॉफी तेवढे दिवस बाजूला. आतड्याचे अस्तर दुखावल्यामुळे दूध काही काळ पचत नाही, पण ताजे ताक बहुधा चालते.

मलावरोध

जुलाबाची चर्चा होते, याची होत नाही. प्रत्यक्षात पुष्कळांना हाच त्रास जास्त. उलटीची गोळी, दुखण्यावर दिलेले मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल, कमी खाणे, कमी पाणी आणि पडून राहणे असे सगळे एकत्र येते. व्हिनक्रिस्टीन तर आतड्याच्या नसांवरच परिणाम करते. मॉर्फिन सुरू झाले की त्याच दिवसापासून सारक औषधही सुरू व्हायला हवे. ते कागदावर नसेल तर विचारा. इसबगोल भरपूर पाणी पिणाऱ्यालाच घ्यावे. दोन पेले पाण्यावर दिवस काढणाऱ्याच्या पोटात त्याचा गोळा होतो. भिजवलेल्या मनुका, अंजीर, कोमट पाणी आणि घरातल्या घरात चालणे हे करावेच. एक मनाई मात्र पक्की. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एनिमा किंवा गुदद्वारातून घालायची औषधे वापरायची नाहीत. पांढऱ्या पेशी कमी असताना तिथल्या बारीक जखमेतून जंतू रक्तात शिरतात. तीन दिवस शौचाला झाले नाही तर फोन. पोट फुगले, वायूही सरत नाही आणि उलट्या होताहेत, तर थेट रुग्णालय.

काय खावे, काय खाऊ घालू नये

वजन दर आठवड्याला, त्याच काट्यावर. ६० किलोच्या माणसाचे तीन किलो वजन उतरले तरी ती डॉक्टरांना सांगण्याजोगी गोष्ट आहे. या काळात पथ्यापेक्षा प्रथिनांची चिंता अधिक करावी. दर किलो वजनामागे दिवसाला एक ते दीड ग्रॅम प्रथिने मिळावीत, म्हणजे ५० किलोच्या बाईंना ५० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात तेवढीच, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. वरणभात आणि एक पोळी यावर हा हिशेब जुळत नाही, म्हणून खिचडीत पनीर, खिरीत दुधाची पावडर, दुधात सातूचे पीठ असे मिसळत जावे. अंडे खाणाऱ्यांनी ते पूर्ण उकडलेले खावे.

साखरेने गाठ वाढते म्हणून गूळ-साखर, दूध, भात सगळे तोडलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. उपचारात वजन घटणे हेच अधिक मोठे संकट आहे. मधुमेह नसेल तर चमचाभर साखरेची धास्ती नको. उपवासाचेही तसेच. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार उपचार संपल्यावर धरता येतील. आजारी माणसाला उपवासातून सूट आहे हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी तोंडाने सांगितले तर रुग्णाच्या मनावरचा भार उतरतो.

सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी बहुधा सर्वांत कमी असतात. तेव्हा सराफ्यातला खाऊ, पाणीपुरी, उसाचा रस, बाहेरची चिरलेली फळे, कच्चे मोड, न तापवलेले दूध पूर्ण बंद. घरी धुऊन सोललेले केळे, संत्रे, पपई यांना मात्र बंदी नाही. सगळे कच्चे वर्ज्य करणाऱ्या कडक पथ्याने संसर्ग कमी झाल्याचे अभ्यासांतून दिसलेले नाही. हात धुणे, ताजे शिजवणे आणि उरलेले सकाळचे रात्री न वाढणे याने फरक पडतो.

भेटायला येणारे प्रेमाने काढे, रस आणि पुड्या आणतात. नाही म्हणणे जड जाते, तरी म्हणावे. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली; आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. तो वाद तज्ज्ञांचा. आपल्यापुरते इतके पुरे की अनेक केमो औषधे यकृतावाटेच निकाली निघतात, आणि यकृताचे आकडे बिघडले की सायकल पुढे जाते. भाजीतली हळद चालते, हळदीच्या अर्काच्या गोळ्या नकोत. घरी पिळलेला गव्हांकुराचा रस कच्चा असतो, पपईच्या पानांचा रस पोट बिघडवतो. जे काही घेत असाल ते डॉक्टरांपासून लपवू नका, रागावले तरी.

केव्हा फोन, आणि कागद कोणते

थर्मामीटर घरात असलाच पाहिजे. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप केमोनंतरच्या दिवसांत आला तर ती रात्र काढायची नाही; रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचे. मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊन ताप झाकू नये. ताप आणि जुलाब एकत्र, किंवा ताप आणि पोटात उजव्या बाजूला खाली दुखणे, ही तर तातडीची अवस्था. याखेरीज चोवीस तासांत पाणीही न टिकणे, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळा गाळ, डांबरासारखे काळे शौच, अंगावर गुंगी किंवा बडबड, हेही त्याच यादीत.

मुंबईचे रुग्णालय लांब आहे म्हणून सकाळच्या गाडीची वाट पाहू नका. सलाइन, रक्ततपासणी आणि अँटिबायोटिक इंदूरमध्ये मिळतात, आणि पहिला तास त्याचाच असतो. पहिल्या सायकलच्या आधीच शहरातला एक कर्करोगतज्ज्ञ किंवा मोठे रुग्णालय ठरवून, एकदा भेटून, फाइल दाखवून ठेवावी. रात्रीच्या ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांना आपला रुग्ण नवा असतो. त्यांच्या हातात पाच गोष्टी पडल्या पाहिजेत: कर्करोग कोणता, औषधांची नावे, शेवटची मात्रा कोणत्या तारखेला, शेवटचा रक्ताचा अहवाल, आणि मुंबईच्या विभागाचा फोन. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फाइलच्या पहिल्या पानाला टाचावे. त्याचा फोटो घरातल्या निदान दोघांच्या मोबाइलमध्ये असावा, त्यातला एक रात्री फोन बंद करून न झोपणारा.

गाडीच्या प्रवासासाठी खालचा बर्थ, स्वच्छतागृहाजवळच्या डब्याच्या टोकाला; जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, हातमोजे, ओल्या पुसण्या, एक जास्तीचा कपड्यांचा जोड, जिभेवर विरघळणारी गोळी, ओआरएसची दोन पाकिटे आणि घरून आणलेले पाणी. रात्री आठची गोळी असेल तर मोबाइलवर गजर लावूनच मुंबई सेंट्रलला गाडीत बसा. सामान लावण्याच्या, पांघरुणे शोधण्याच्या गडबडीत विसरली जाते ती नेमकी हीच गोळी.